हाकोनेचा नाका

दुक्म, ओमान
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०१४

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार, आणि पोटदुखीसह अभिनंदन.

तुझं बाड पोचलं. बदरुद्दीन परवा रजेवरून परतला तो सुके काजूगर, आमसुलं आणि तुझी दोनशे चाळीस पानं एकाच पिशवीत घालून. पानांना आमसुलांचा वास लागलाय, पण अक्षर शाबूत आहे. बदरुद्दीन रत्नागिरीचा. गोदीत दुरुस्तीला जी जहाजं येतात त्यांच्या सामानाचं स्टोअर आम्ही दोघं सांभाळतो. कुठला पंप आत आला, कुठला व्हॉल्व बाहेर गेला, कोणाच्या गेटपासवर गेला, दिवसभर एवढंच बघायचं. आठ वर्षं मी हेच करतोय, आधी मस्कतला आणि आता इथे. तेव्हा छापायला जायच्या आधी तुझं पुस्तक माझ्या नजरेखालून जावं असं तुला वाटलं, यात तुझी अक्कल दिसते.

'जपान तुझ्याइतका कोणालाच ठाऊक नाही, धन्या,' असं तू चिठीत लिहिलंयस. वाचून बरं वाटलं. मग पहिलं पान उघडलं आणि ते बरं वाटणं तिथेच संपलं.

'गादी साताऱ्याला आणि कारभार पुण्याला, हे ज्या मराठी माणसाला समजलं त्याला क्योतोचा सम्राट आणि एदोचा शोगुन समजायला वेळ लागणार नाही.' सुंदर सुरुवात आहे. शिऱ्या, ही सुरुवात माझी आहे! सेकंड इयरला, वाशिष्ठीच्या पुलावर, भेळ तू खात होतास आणि बोलत मी होतो. सम्राटाला नमस्कार सगळ्यांनी करायचा आणि हुकूम मात्र लष्करातल्या माणसाचा पाळायचा, असं अडीचशे वर्षांहून जास्त कसं चाललं, हे मी तुला तिथे कठड्यावर बसून समजावलं होतं. कॉलेजच्या लायब्ररीतल्या त्या जाड इंग्रजी पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटली होती, ती मी पट्टीने सोडवली होती. त्या पुस्तकाच्या कार्डावर एकच नाव होतं, आणि ते तुझं नव्हतं.

पुढचं तुला माहीत आहे. बाबा गेले, मी भिवंडीच्या गोदामात चिकटलो आणि तू एम.ए.ला गेलास. विषय काय घेतलास, तर जपान. वर्गातला माणूस मेल्यावर त्याचं दप्तर कोणीतरी घेतंच, पण मी मेलो नव्हतो रे. भिवंडीला होतो.

असो. पुस्तक नीट वाचेन, शब्द दिलाय. नागासाकीजवळच्या त्या छोट्या बेटाचं वर्णन वाचून हसलो. परक्या व्यापाऱ्यांना तेवढ्या बेटावर कोंडलेलं, यायला-जायला एकच पूल आणि पुलावर पहारा. आमचा कॅम्प बघून लिहिलंयस की काय? समोर समुद्र, मागे माळ, पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, आणि गेटवर पास दाखवल्याशिवाय कुत्रंही बाहेर जात नाही. बाईमाणूस औषधालाही नाही.

एक विचारायचं होतं. टायपिंग पूर्वा करतेय हे मला फोनवर कळलं. चांगलं आहे, लग्नपत्रिका आणि प्रश्नपत्रिका करून ती कंटाळली होती. मी नवरा म्हणून विचारत नाही, वाचक म्हणून विचारतो. दोनशे चाळीस पानांना संध्याकाळी किती लागतात? तू मंगळवारी आणि शुक्रवारी येतोस, चहा घेतोस, खोलीचं दार उघडं असतं, असं आई म्हणाली. मी विचारलं नव्हतं हं. तिनेच आपणहून सांगितलं.

काकूंना नमस्कार.

तुझा,
पुलावरचा,
धनंजय


दुक्म
शुक्रवार, १८ एप्रिल २०१४

प्रिय शिरीष,

नमस्कार. बाड सोबत परत पाठवतोय. आमच्या इथला एक सुतार चिपळूणमार्गे गावी चाललाय, तो कॉलेजवर आणून देईल. घरी देऊ नकोस असं मीच त्याला सांगितलंय.

दहा आठवडे लागले, कारण मी तुझ्यासारखा मे महिन्याची सुट्टी असलेला माणूस नाही. चुका निघाल्या त्या पेन्सिलीने समासात लिहिल्या आहेत. ओसाकाचा वेढा सोळाशे सोळाला संपला म्हणतोस, तो सोळाशे पंधरा. सामुराईचा पगार भातात मोजत, हे बरोबर आहे, पण एक कोकू म्हणजे 'एक पोतं' असं ठोकून दिलंयस. एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ, असं साधारण म्हण. शेतकऱ्यांच्या तलवारी काढून घेतल्या तो हुकूम शोगुनांच्या आधीचा आहे, तो तू शोगुनांच्या नावावर घातलास. प्राध्यापक आहेस ना रे? तिसरं प्रकरण घाईत लिहिलंयस, सातवं चांगलं आहे. सरदारांच्या मिरवणुका निघत आणि रस्त्याकडेची माणसं गुडघे टेकून मान खाली घालत, ते वाचताना डोळ्यांपुढे उभं राहिलं. हे कबूल करताना माझे दात किती आवळले गेलेत ते तुला दिसत नाही, हे बरं आहे.

मजा म्हणजे मला इथे जपानीच भेटला. गाड्या वाहून नेणारं एक जहाज महिनाभर गोदीत आहे, त्याच्यासोबत मोरिता नावाचे इंजिनियर आलेत. साठीचे, बारीक, बोलण्याआधी जरा वाकणारे. स्टोअरला गॅस्केटं मागायला आले, तेव्हा काउंटरवर तुझं बाड पडलं होतं आणि त्यात तू काढलेला नकाशा वर होता. त्यांनी एदोवर, म्हणजे आजच्या तोक्योवर, बोट ठेवलं. मग हाकोनेवर ठेवलं आणि म्हणाले, 'माझं घर इथून जवळ.' त्यानंतर रोज चहाच्या सुट्टीत ते यायचे. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं गोदामातलं, पण अडलं नाही. हाकोनेच्या नाक्याबद्दल त्यांनी बरंच सांगितलं. ते पुन्हा कधीतरी.

आता पाचवं प्रकरण. 'एदोत राहिलेल्या बायका.'

खरं सांगतो, ते मी चार वेळा वाचलं. प्रत्येक सरदाराने एक वर्ष शोगुनच्या पायाशी एदोत काढायचं आणि एक वर्ष आपल्या मुलखात, बायको-मुलांनी मात्र कायम एदोतच राहायचं. सरदार फिरला तर बायको हाताशी असलेली बरी. हे सगळं मला पाठ आहे, पुलावर मीच तुला सांगितलं होतं. पण मी सांगितलं ते सरदारांबद्दल. तू बायकांबद्दल लिहिलंस. मिरवणूक निघून गेल्यावर घरात किती माणसांचा स्वयंपाक कमी होतो. नवरा नसलेल्या वर्षी बाई कुठल्या वेळी केस धुते. ही सगळी माहिती तुला कुठे मिळाली? संदर्भसूचीत तर काही नाही.

आणि ते वाक्य: 'वर्षाने परतलेल्या नवऱ्याला पहिले चार दिवस पाण्याचं भांडं कुठे आहे ते सांगावं लागे, आणि पाचव्या दिवशी तो ते सांगितल्याबद्दल चिडे.'

शिरीष, एदोतलं पाण्याचं भांडं कुठल्या कागदपत्रात सापडलं रे तुला? मी दर रजेत घरी जातो तेव्हा माझ्या हाताला ग्लास सापडत नाही. दर वेळी. अकरा महिन्यांत मांडणी बदललेली असते. पाचव्या दिवशी मी चिडतो, हेही खरं आहे. ही गोष्ट माझ्या घरात दोन माणसांना माहीत आहे. आईला नाही, कारण आईसमोर मी चिडत नाही. तेव्हा कोणी सांगितलं, कधी सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती का, एवढंच मला कळव. हसत असेल तर ठीक. हसत नसेल तर जास्तच वाईट.

तू मागच्या पत्रात मोठ्या शहाणपणाने विचारलंस, 'पूर्वाला तिकडे का नेत नाहीस?' बदरुद्दीनने नेली ना सबीहाभाभीला, मस्कतला अझैबात घर घेतलं, दर गुरुवारी संध्याकाळी सहा तास गाडी हाकत जातो आणि शनिवारी तोंडाला तेल लावल्यासारखा चकचकीत होऊन परत येतो. तो गेला की मी दोन दिवस त्याच्या रिकाम्या खाटेकडे बघत जेवतो. पण त्याचं वेगळं, माझं वेगळं. इथे व्हिसाचे नियम असतात. तुला ते कळायचे नाहीत, आणि विचारू नकोस.

पाचव्या प्रकरणाला मी पेन्सिल लावलेली नाही. काही सुचवायचं नाही. जसंच्या तसं जाऊ दे. अभिप्रायच हवा असेल तर, उत्तम.

कळावे.

धनंजय


दुक्म
शुक्रवार, ६ जून २०१४

प्रिय पूर्वा,

तुला पत्र लिहायची सवय मोडलीय. फोनवर आपलं ठरलेलं असतं: जेवलीस का, आईचं बीपी काय म्हणतं, गॅस आला का. पत्रात त्याच्या पुढे जावं लागतं, म्हणून आज दुपारपासून तीन कागद फाडले.

आधी अभिनंदन. शिरीषचं पत्र मंगळवारी मिळालं, सोबत पाचव्या प्रकरणाची आणि आभाराच्या पानाची प्रुफं. तो लिहितो, 'पाचवं प्रकरण वहिनींचं आहे. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. माझं कच्चं टिपण त्यांनी टाइप केलं आणि म्हणाल्या, भाऊजी, यात बायका कुठे आहेत? मी म्हटलं, तुम्ही लिहा. दोन महिने त्या कॉलेजच्या लायब्ररीतून पुस्तकं नेत होत्या. तुला कळू द्यायचं नाही अशी त्यांची अट होती, कारण त्यांना तुझं खरं मत हवं होतं. तू सगळ्या पुस्तकाला पेन्सिल लावलीस आणि त्यांच्या प्रकरणाला नाही लावलीस, वर उत्तम म्हणालास, हे मी सांगितलं तेव्हा त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. कव्हरवर दोघांचं नाव टाकतोय. वीस तारखेला छापायला जाईल.'

पूर्वा, तू आत जाऊन रडलीस का? मला आता ते विचारायची लाज वाटते.

मला शिरीषचा हेवा करायची वीस वर्षांची सवय. त्याच्या एम.ए.चा केला, नोकरीचा केला, तो तुझ्या खोलीत बसून चहा पितो त्याचा तर इतका केला की इथे जेवण कडू लागायचं. हे पत्र वाचून तो सगळा एका क्षणात तुझ्याकडे वळला. आनंद नंतर झाला. आधी वाटलं, हिने? लायब्ररीतलं ते पुस्तक हिने उघडलं? कार्डावर माझ्या नावाखाली आता हिचं नाव? जपान माझा होता, मग शिरीषने नेला, आणि आता माझ्याच घरातून माझ्याच बायकोने नेला. असा मी आहे. बदरुद्दीनला हे सांगितलं तर तो म्हणाला, 'धन्या, तुझी बायको किताबात आली, नि तू असा काय बसलास रं मय्यत झाल्यासारखा? यल्ला, ऊठ, मिठाई आण.' मी उठलो नाही.

कारण मला दुसरंच काही माहीत होतं, आणि ते तुला सांगायलाच हे पत्र.

पान सत्त्याऐंशी काढ. हाकोनेचा नाका. एदोहून जाणाऱ्या हमरस्त्यावर शोगुनची चौकी होती, तिथले पहारेकरी दोनच गोष्टी शोधत, असं तू लिहिलंयस: 'बाहेर जाणाऱ्या बंदुका आणि आत येणाऱ्या बायका.'

हे उलट आहे. आत येणाऱ्या बंदुका आणि बाहेर जाणाऱ्या बायका. बंदुका एदोत आल्या तर बंड होईल. आणि ओलीस ठेवलेल्या बायका एदोतून निसटल्या तर त्यांचे नवरे बंड करायला मोकळे. आत येणाऱ्या बाईची शोगुनला काय भीती? ती तर त्याला हवीच होती. मोरितासाहेबांनी मला काउंटरवर बोटाने रस्ता काढून दाखवलं. बाहेर जाणाऱ्या बाईकडे परवाना लागे, त्यात तिचं वर्णन, केसांसकट. चौकीवर एक म्हातारी नेमलेली असे, ती बाईला बाजूला घेऊन तिचे केस सोडून, हात फिरवून बघे. मोरितासाहेब स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून दाखवत होते आणि आमचे दोन फिलिपिनो फिटर हसत होते.

हे मला आधीपासून माहीत होतं. कोणी सांगायची गरज नव्हती. दिवसभर जो माणूस काय आत आलं आणि काय बाहेर गेलं तेच बघतो, त्याच्या नजरेतून ही चूक सुटेल? पहिल्या वाचनातच दिसली. पेन्सिल हातात होती. पण मला वाटत होतं की हे शिरीषने लिहिलंय, आणि त्याच पानावर वरच्या बाजूला ते पाण्याच्या भांड्याचं वाक्य होतं. मी पेन्सिल ठेवून दिली. म्हटलं, छापू दे. पुण्यातला कोणीतरी जाणकार वर्तमानपत्रात लिहील की प्राध्यापकमहाशयांना आत आणि बाहेर कळत नाही. तो दिवस मी मनात किती वेळा बघितला! अगदी कात्रण पाकिटात ठेवण्यापर्यंत माझी तयारी होती.

ते कात्रण तुझ्या नावाचं निघालं असतं.

फोनवर सांगता आलं असतं. पान सत्त्याऐंशी, दोन शब्दांची अदलाबदल, मिनिटभराचं काम. पण तू विचारलं असतंस, 'अहो, मग एप्रिलमध्ये का नाही सांगितलंत?' आणि खोलीत सहा माणसं असताना मी त्याचं उत्तर देऊ शकलो नसतो.

मंगळवारपासून मी एकच विचार करतोय, की तू इतकं वाचलंस आणि ही एवढीच चूक का केलीस. शिरीषसारखी तू घाईची नाहीस. लग्नपत्रिकेतसुद्धा तुझी काना-मात्रेची चूक निघत नाही. आणि मग कळलं, आणि कळल्यावर मी स्टोअरमधून उठून बाहेर वाऱ्यात जाऊन उभा राहिलो. इथे जूनमध्ये समुद्रावरून गार वारा सुटतो, उभं राहवत नाही, तरी राहिलो. तुला ठाऊक असलेल्या नाक्यावर बायकांना आतच येऊ देत नाहीत. नवरा दर रजेत तेच तर सांगतो. 'नियम बदललेत, आमच्या ग्रेडला फॅमिली व्हिसा देत नाहीत, गेटवरूनच परत पाठवतात.' तू हे इतक्या वेळा ऐकलंस की पुस्तकात वेगळं वाचलंस तरी हाताने तेच टाइप केलं असेल.

पूर्वा, व्हिसा मिळतो.

दोन हजार बाराच्या सप्टेंबरात माझी आणि बदरुद्दीनची ग्रेड एकाच दिवशी, एकाच कागदावर बदलली. त्याने त्याच आठवड्यात फॉर्म भरला. त्याला तीन पोरांच्या शाळा बघायच्या होत्या, त्या बघितल्या. आपल्याला मूल नाही, मला तर तीही सबब नव्हती. माझा फॉर्म एकवीस महिने खाटेखालच्या ट्रंकेत होता. बदरुद्दीन दर महिन्याला विचारतो, 'अरं, तुझा कागुद अजून कोराच? अर्बाब, आपला शेठ, सही देतो, खलास, दोन दिवसांचा काम हाय. सबीहा वाट बघते, पूर्वावैनी कधी येनार म्हणून.' मी त्याला सांगायचो, तिलाच यायचं नाही. तुला सांगायचो, नियम नाही. शिरीषला सांगितलं, विचारू नकोस.

का, ते सांगतो. तू आलीस तर राहणार अझैबाला, कारण या कॅम्पात बायका राहत नाहीत. मी सहा तासांवर. पाच दिवस तू त्या शहरात एकटी, तरणीताठी, हुशार, चार माणसांत बोलायला लागलेली. चिपळूणला आई आहे, शेजार आहे, दार उघडं असतं. दर शुक्रवारी मी आईला फोन करून विचारतो, आज कोण आलं, किती वेळ बसलं, दार उघडं होतं ना. ती आपणहून सांगते असं मी शिरीषला लिहिलं, ते खोटं. मी विचारतो, म्हणून ती सांगते. मोरितासाहेब त्या केस तपासणाऱ्या म्हातारीचं सांगत होते, तेव्हा फिटर हसले, मला हसू आलं नाही. आईला मी तेच काम दिलंय. तिला माहीतही नाही, बिचारीला.

अठराशे बासष्टला शोगुनने नियम सैल केले आणि बायकांना एदोतून घरी जायला मोकळीक मिळाली. सहा वर्षांत त्याचं राज्य गेलं. कॉलेजात हे वाचलं तेव्हा मी याची पुष्कळ कारणं पाठ केली होती. मोठा झाल्यावर त्यातली एवढीच गोष्ट लक्षात ठेवली, की बायका सोडू नयेत.

आता काम.

सोमवारी बदरुद्दीन भाचीच्या लग्नाला निघतोय, हे पत्र तो स्वतः तुझ्या हातात देईल. आईच्या हातात नाही, असं त्याला बजावलंय. पान सत्त्याऐंशी वीस तारखेच्या आत दुरुस्त कर. आभाराच्या पानावर शिरीषने माझ्याबद्दल 'डोळ्यांत तेल घालून हस्तलिखित तपासलं' असं लिहिलंय, ते काढ. नाव पूर्ण काढ. त्याने कारण विचारलं तर हे पत्र त्याला वाचायला दिलंस तरी चालेल. चालेल म्हणतोय, मला आवडेल असं म्हणत नाही.

व्हिसाचा फॉर्म सोबत आहे. बदरुद्दीनने समोर उभं राहून भरून घेतला, अर्बाबची सहीही झाली. फक्त तुझ्या पासपोर्टच्या नंबराची जागा कोरी आहे. पासपोर्ट माझ्या लोखंडी कपाटात, तपकिरी फायलीत आहे. किल्ली आईकडे असते. तुझा पासपोर्ट मी कुलपात का ठेवला, हे तू मला कधी विचारलं नाहीस. आता विचारलंस तरी माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नाही. किल्ली मागून घे. कशाला हवी, हे आईला सांगायचं की नाही ते तुझं तू बघ.

तो नंबर भरायचा की नाही, तेही तूच बघ. भरलास तर बदरुद्दीनच्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या ऑगस्टात रिकाम्या होतायत. खिडकीतून विमानं उतरताना दिसतात, सबीहाभाभी म्हणते आवाजाची सवय होते. मी गुरुवारी येईन, शनिवारी परत जाईन. मधले पाच दिवस तू काय केलंस, कोणाशी बोललीस, हे विचारायचं नाही असं मी ठरवलंय. माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी विचारेन. तू उत्तर देऊ नकोस.

नाही भरलास, तर पुस्तकाच्या प्रकाशनाला मी येतो. रजा टाकलीय. मागच्या रांगेत बसेन.

प्रकरण पुन्हा वाचलं, या वेळी कोणी लिहिलंय ते माहीत असताना. केस धुण्याच्या वेळेचं आहे ना, तो परिच्छेद. मिरवणूक गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, घाई नसताना. ते मला माहीत नव्हतं गं. अकरा वर्षांच्या लग्नात मी तुला एकदाही विचारलं नव्हतं, की मी गेल्यावर दुसऱ्या दिवशी तू काय करतेस. प्रकरण उत्तम आहे. हे मी एप्रिलमध्ये दात आवळून लिहिलं होतं, आज तसं नाही.

मी येईन तेव्हा ग्लास कुठे आहे ते सांगू नकोस. शोधेन मी.

शिरीषला नमस्कार सांग. तो आला तर दारातूनच

ही वरची अर्धी ओळ मी खोडली होती, पण खोडूनही वाचता येतेय, म्हणून राहू दिली. खाली नीट लिहितो: शिरीष आला तर त्याला आत बसव, चहा दे, आणि दोघं मिळून पान सत्त्याऐंशी दुरुस्त करा. दार वाऱ्याने लागलं तर लागू दे.

तुझा,
नाक्यावरून उठलेला,
धनंजय